मामेसासऱ्यांची डग्गापाहणी

आमच्या मामेसासऱ्यांइतकं वाद्यांचं वेड असलेला आणि वाद्याला बोटही न लावणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा नव्हता. हे मी जावई म्हणून सांगत नाही. मला गोड बोलता येत नाही, आणि मामेसासऱ्याबद्दल चांगलं बोलायची जावयावर सक्तीही नसते. मी गाडी हाकणारा माणूस, शिक्षण चार इयत्ता, त्यातल्या दोन उर्दूत. या मामांच्या गोष्टी खरं तर माझी बायको सांगायची, आणि मी मधून मधून ‘असं नव्हतं’ म्हणायचो. ती गेल्या पौषात गेली. आता गोष्ट सांगणारं कुणी राहिलं नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो. चुकलं तर ‘असं नव्हतं’ म्हणायला घरात कुणी नाही.

मामा म्हणजे माझ्या सासूचे थोरले भाऊ. कळमनुरीच्या अलीकडे एका खेड्यात राहायचे. शेती होती, पण लक्ष नव्हतं. अंगानं कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखे, आणि डोक्यावर एवढा थोरला पटका की लांबून पटकाच एकटा चालत येतो आहे असं वाटावं. आसपासच्या वीस गावांत कुठंही भजनाला पखवाज घ्यायचा असला, देवळाला नगारा घ्यायचा असला, ढोलकी मढवून आणायची असली, की आधी मामांना बोलावणं जायचं. मामा जायचे, पण वाजवून बघायचे नाहीत. दुसऱ्याला वाजवायला लावायचे, स्वतः मोजून चाळीस पावलं लांब जायचे, वाद्याकडे पाठ करून बसायचे आणि डोळे मिटायचे. पसंत पडलं तर हात वर. नापसंत असलं तर हात जमिनीवर. मध्ये म्हशी जावोत, पोरं ओरडोत, कुणाचं भांडण लागो, मामा हलायचे नाहीत. जवळ बसून का ऐकत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “जावईबापू, जवळून कोणबी ग्वाडच बोलतं. लांबून ऐकावं माणसाला.”

स्वतः मात्र त्यांना टाळीसुद्धा धड वाजवता येत नव्हती. भजनात त्यांची टाळी पडायची तेव्हा बाकीच्यांची नुकतीच पडून गेलेली असायची. म्हणून भजनी मंडळी त्यांना आदरानं पुढं बसवायची आणि हातात विड्याचं तबक द्यायची, म्हणजे दोन्ही हात गुंतून राहतात. पण कान असा, की शिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले आणि दर्शन न घेता बाहेर आले. का, तर नगाऱ्याचं चामडं सैल होतं. पुजाऱ्याला म्हणाले, “देव सोसतो म्हणून तुमी त्याच्यापुढं काहीबी बडवता काय?” पुजारी म्हणाला, “मामा, तुमी देवाला बघायला येता का आमची झडती घ्यायला?” आमच्या रस्त्यावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात होळीला नगारा वाजायचा. तिथला नाईक मोठा हुशार. तो मामांसाठी चाळीस पावलांवर आधीच खाट टाकून ठेवायचा.

माझं लग्न तर मामांमुळंच उशिरा लागलं. माघातली थंडी. दव पडून ताशा नरम झालेला. मी घोड्यावर, भटजी घटिकेकडे बघून राहिलेला, आणि मामांनी वरात वेशीतच थांबवली. पऱ्हाटीचा जाळ केला, ताशेवाल्याला त्यावर ताशा शेकायला लावला आणि स्वतः शेताच्या बांधावर जाऊन पाठमोरे बसले. तीनदा हात जमिनीवर आला. चौथ्यांदा वर गेला तेव्हा माझं घोडं पेंगायला लागलं होतं. सासरे चिडून म्हणाले, “मुहूर्त टळला की.” मामा म्हणाले, “मुहूर्त उद्याबी येईल. नरम ताशावर लगीन लागलं तर जल्मभर नरमच वाजंल.” माझ्या बायकोचं आणि माझं पुढं पुष्कळ वाजलं. नरम कधी वाजलं नाही.

आम्हाला तीन लेकरं झाली, त्यातलं एक राहिलं. ती गोदी. तीन वर्षांची असताना तिला ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला, पण डाव्या हातातलं बळ गेलं. हात दिसायला सारखाच, बोटं हलायची, पण पाण्याचा तांब्या धरला की सुटून पडायचा. वैद्याचं तेल झालं, हकिमाचा लेप झाला, नागनाथाला नारळ झाला. मग पोरगी शहाणी झाली आणि तिनं तो हात परकरात लपवायला सुरुवात केली. खेळताना, जेवताना, झोपताना हात परकरात. बायकोला एकच घोर. भाकरी उजव्या हातानं थापता येते, पण डाव्यानं ती सावरावी लागते, फिरवावी लागते, उचलताना खाली हात घालावा लागतो. ज्या पोरीला भाकरी करता येत नाही तिला कोण करून घेणार? ती हे बोलायची नाही. पण परातीत पीठ मळताना गोदीकडे बघायची, तेव्हा मला कळायचं.

गोदी सात वर्षांची असताना मामा दिवाळीला आले. दुपारभर ओसरीवर बसून त्यांनी पोरीला न्याहाळलं. संध्याकाळी म्हणाले, “जावईबापू, हिला तबला-डग्गा घेऊ.”

मी म्हणालो, “कशाला? पोरगी काय तमाशात घालायची हाय?”

“डग्गा डाव्या हातानं वाजतो.”

“वैदाला जमलं न्हाई, हकिमाला जमलं न्हाई, ते चामड्याला जमणार हाय व्हय?”

“चार वर्सं तेल चोळलं, ते तुमच्या हातानं. मेहनत तुमच्या हाताला झाली. तिचा हात तर नुसता पडून राहिला.”

मी नाही म्हणालो. गावात काय बोलतील ते मला ठाऊक होतं. गाडीवानाची पोरगी कलावंतीण होणार म्हणतील, आणि पुढं तसंच म्हणाले. तेवढ्यात चुलीपासून बायको बोलली, “आवं, तुमी गाडीला दोन बैल काहून जुंपता?”

“दोन लागतात म्हणून.”

“एक मरतुकडा निघाला तर?”

“तर त्याला चांगल्याच्या संगं चालवायचा. चालून चालून सुधरतो.”

“मंग,” ती म्हणाली आणि भाकरी उलटली. पुढच्या बाजारी मी गाडी जुंपली.

उजव्या हाताचा तबला पहिल्याच बाजारात जमला. कळमनुरीला मशिदीमागच्या गल्लीत तबले-ढोलक्या मढवणारे एक म्हातारे चाचा होते. बापापासून तोच धंदा. त्यांच्याकडे शिसवी लाकडाचा एक लहान तबला होता. मी वाजवला, चाळीस पावलांवरच्या लिंबाखाली मामांचा हात वर गेला. मला वाटलं, सुटलो. पण चाचांनी जोडीचा डग्गा पुढं केला तेव्हा मामा म्हणाले, “एकाच दुकानात नवरा अन् नवरी? बघितल्याबिगर?” त्यांच्या मते तबला हा नवरदेव. तो आधी घरी न्यायचा, आठ दिवस घरची हवा खाऊ घालायची आणि मग नवरी दाखवायला आणायचा. त्यामुळं पुढच्या बाजाराला माझ्या गाडीत गोधडी अंथरून तिच्यावर तबला झोपवला, वर मामांचं उपरणं पांघरलं. वाटेत एका ओळखीच्यानं विचारलं, “कोण आजारी हाय?” मामा म्हणाले, “आजारी न्हाई, नवरदेव हाय. पोरगी बघायला चाललो.” त्या माणसानं उपरणं उचलून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाटेला लागला.

त्या बाजारी चार डग्गे नापसंत झाले. त्याच्या पुढच्या बाजारी तीन. पितळी झाले, तांब्याचे झाले, एक तर चाचांनी मामांसाठी म्हणून नवा मढवून ठेवला होता. मी वाजवायचो, डग्गा असा घुमायचा की समोरच्या दुकानातली बरणी थरथरायची, आणि तिकडे लिंबाखाली मामांचा हात जमिनीवर. चाचा शेवटी कावले. म्हणाले, “मामू, चमडा मेरा, मेहनत मेरी, और तुम नीम के नीचे बैठको हात हिलारैं. नुक्स क्या है, बोलो तो सही.” मामा म्हणाले, “खोट न्हाई. पर काहीतरी बराबर न्हाई.” आपल्यालाच काय खटकतं ते मामांना सांगता येत नव्हतं, आणि हे मी प्रथमच पाहत होतो.

तिसऱ्या खेपेला पहिलाच डग्गा वाजवला आणि मामा लिंबाखालून उठून सरळ माझ्याकडे आले. “जावईबापू, हात दावा,” म्हणाले. माझा तळहात उलटापालटा करून बघितला. कासरा धरून धरून झालेले घट्टे दाबून बघितले. मग दुकानाच्या पायरीवर बसून कपाळाला हात लावला. “ह्यो हात खाटंवर आपटला तर खाटबी बोलंल. आपण कुणासाठी बघून राहिलो अन् कुणाच्या हातानं बघून राहिलो?”

चूक आम्हा दोघांची होती. दोन बाजार आम्ही बैल आवरणाऱ्या हातानं डग्गे वाजवून सात वर्षांच्या पोरीसाठी पसंत-नापसंत करत होतो. पण मामांनी पुढं जे केलं ते त्यांनाच सुचावं. डोक्यावरचा पटका सोडला आणि त्याच्या टोकानं स्वतःचा डावा दंड करकचून बांधला. मग ते पायरीवर पान खात बसले. हात काळानिळा पडला, मुंग्या आल्या, बोटं आपली राहिली नाहीत. भोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, “साप चावला व्हय?” मामा म्हणाले, “अजून न्हाई,” आणि उठून दुकानात शिरले. त्यांनी तो मेलेला हात उजव्या हातानं उचलला आणि एकेका डग्ग्यावर टाकत चालले. मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या काळात त्यांनी चामड्याला पहिल्यांदा हात लावला, तोही असा. थप. थप. थप. तांब्याचा गप्प, पितळी गप्प, नवा मढवलेला तर दगड. शेवटी कोपऱ्यात एक मातीचा जुना डग्गा पडला होता, त्यावर चामड्याच्या पट्ट्यांची गुंडाळी टाकलेली. मामांनी गुंडाळी बाजूला केली आणि हात टाकला. विहिरीत घागर बुडताना जसा आवाज करते तसा तो बोलला. हळूच, पण पोटातून.

“ह्यो,” मामा म्हणाले.

“वो नक्को,” चाचा म्हणाले. “वो अब्बा का है. चालीस बरस बजाये. चमडा घिस को कागद हो गया, कब फटेगा भरोसा नै. बच्चे के वास्ते कोई पुराना लेता क्या?”

“घिसला म्हणून तर बोलतो. नव्याला धपाटा लागतो. ह्याला नुसतं बोट पुरतं.”

“बेचने का नै, मामू. अब्बा का है बोला ना.”

गोदीच्या हाताबद्दल मामांनी तीन बाजार चाचांना काही सांगितलं नव्हतं. कीव आलेला माणूस खरं बोलत नाही, आणि आपल्याला खरं बोलणारा कारागीर पाहिजे, असं ते मला म्हणाले होते. मला असल्या गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. मी म्हणालो, “चाचा, पोरगी सात वर्सांची हाय. डाव्या हातात जोर न्हाई. हात लपवून बसती.”

चाचांनी मामांच्या दंडाकडे पाहिलं. तो पटका अजून सोडायचा होता. त्यांनी आपल्या हातानं गाठ सोडली आणि म्हणाले, “बच्ची को लाओ.”

पुढच्या बाजारी गोदीला नेलं. बायकोही आली, पण ती गल्लीच्या तोंडाशी गाडीजवळच उभी राहिली, बैलाचं शिंग धरून. मामा सवयीनं लिंबाखाली गेले आणि पाठ करून बसले. गोदी दुकानात बसली, डावा हात परकरात. चाचांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते एका ढोलकीच्या वाद्या, म्हणजे चामड्याच्या पट्ट्या, ओढत होते. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “बेटा, ये चमडे का सिरा जरा पकड. कस को पकड.” गोदीनं उजव्या हातानं वादीचं टोक धरलं. चाचांनी आपल्या बाजूनं ती ताणली, आणि पायानं तो मातीचा डग्गा तिच्याकडे सरकवला. बुड गोल, तो लागला कलंडायला. “अरे, गिरा, गिरा. संभाल. मेरे अब्बा का है.” उजवा हात वादीत अडकलेला. परकरातून डावा हात बाहेर आला आणि डग्ग्यावर पडला.

तो बोलला. शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं, एवढाच.

गोदीनं चाचांकडे पाहिलं. ते वादीच ओढत होते. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मग परत टाकला. मग परत. चाचांनी केव्हातरी तिच्या उजव्या हातातली वादी काढून घेतली, ते तिला कळलंही नाही. मी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. बायकोनं शिंग सोडलं नव्हतं, पण पदर तोंडाला लावला होता.

इकडे लिंबाखाली मामांचा हात वरही नाही, खालीही नाही. मी चाळीस पावलं चालून गेलो.

“मामा, ऐकू आलं का?”

“न्हाई. लई हळू हाय.”

“मग घ्यायचा का न्हाई?”

“तिला आलं का ऐकू?”

“आलं.”

“मंग मला काहून इचारता?” असं म्हणून डोक्यावरचा पटका सोडून परत बांधायला लागले. तो त्यांना तीनदा बांधावा लागला.

चाचांनी डग्गा विकला नाही. म्हणाले, “ले जाओ. हात चला तो वापस लाना.”

शिकवायला मामाच दर आठ दिवसांनी यायचे. ज्याला टाळी जमत नाही तो माणूस ताल शिकवणार. गोदी जे वाजवायची तो ताल कुणाचाच नव्हता. गावातला पखवाजी एकदा थांबून ऐकत राहिला आणि डोकं खाजवत गेला. उजवा तबला वर्ष वर्ष तसाच झाकून असायचा. नवरदेवाची एवढी मिरवणूक निघाली, आणि संसार एकट्या डग्ग्यानं केला. मामांना त्याचं काही नव्हतं. ते फक्त अंतर मोजायचे. पहिलं वर्ष उंबऱ्यात बसून ऐकलं. मग ओसरीच्या टोकाला. मग अंगणात. मग वेशीकडच्या आडापर्यंत गेले. पाचव्या वर्षी बरोब्बर चाळीस पावलांवर, पाठ करून बसलेल्या मामांचा हात वर गेला. गोदी मामांना आबा म्हणायची. तिनं पाहिलं आणि आत जाऊन आईला सांगितलं, “आबाचा हात वर गेला.” तिची आई म्हणाली, “बरं, आता परात घे.”

हात पुरता कधी बरा झाला नाही, हे खरं ते सांगितलं पाहिजे. पण परकरात परत गेला नाही. पंधराव्या वर्षी तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा तिनं त्यांच्यादेखत भाकरी केली. मुलाच्या बापानं भाकरी हातात घेऊन फिरवून पाहिली. “एका अंगानं जाड हाय,” म्हणाला. मामा म्हणाले, “जाड अंग पाव्हण्याकडं केलं तिनं. ह्याच्यावून जास्त काय पायजे?” पाहुणा हसला. लग्न ठरलं.

लग्न झालं आणि मामा डग्गा न्यायला आले. हात चालला, आता ज्याचं त्याला दिलं पाहिजे. ते निजामाचं राज्य गेलं ते साल. सगळीकडे गडबड होऊन गेली होती. मामा डग्गा घोंगडीत गुंडाळून कळमनुरीला गेले, तर चाचांच्या दाराला कुलूप. कुणी म्हणालं हैदराबादला लेकीकडे गेले. कुणी काही म्हणालं नाही, नुसतं दुसरीकडे बघितलं. मामा पुढच्या बाजारी गेले, त्याच्या पुढच्या बाजारीही गेले. मी एकदा गाडी घेऊन तिथून गेलो तर कुलपाच्या खाली पायरीवर बसलेले दिसले, डग्गा मांडीवर. त्या दिवशी लिंबाखाली गेले नव्हते. मी म्हणालो, “चला मामा, ऊन झालं.” म्हणाले, “येतील तर चुकामूक नको.”

मग त्यांच्यानं होईना. डग्गा आमच्या घरी आणून भाचीच्या हातात दिला आणि म्हणाले, “चाचाच्या घरचं कोणी आलं तर देऊन टाका. म्हणावं, हात चालला.” त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

चाचांच्या घरचं कोणी आलं नाही. चामडं अजून फाटलेलं नाही. मी गोदीला म्हणालो, तू घेऊन जा. ती म्हणाली, “राहू द्या. कोणी आलंच तर तुमचंच दार हुडकत येईल.” बाजाराच्या दिवशी बायको तो फडक्यानं पुसून रस्त्याकडच्या ओसरीवर ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. मला ते येडेपणाचं वाटायचं, आणि मी तसं तिला म्हणायचोही. आता मीच ठेवतो. दिवे लागायच्या आत उचलून आत नेतो.